मुका फोन आणि म्हातारीची काठी

आमच्या ऑफिसचे किस्से कपाटात मावत नाहीत, ते जीपमध्ये साठतात. जाताना जीपमध्ये कोणी बोलत नाही. कारण पुढं कुठंतरी एका लेकराला मार बसलेला असतो, नाहीतर कोणी उपाशी असतं. पण लेकरू सुखरूप हाती लागलं, की येताना एवढं हसू येतं की विचारू नका! एकदा हसण्याच्या नादात मी बडनेऱ्याचा फाटाच चुकलो. सर म्हणाले, "गजू, आपल्याले अमरावतीले जायचं होतं. मुंबईले नाही."

आमचं ऑफिस अमरावतीत. मुलांची हेल्पलाइन. कोणी लेकराला मारत असेल, कामाला जुंपत असेल, टाकून देत असेल, तर लोक फोन करतात. आम्ही जाऊन पाहतो आणि गरज पडली तर लेकराला बाल कल्याण समितीपुढं नेतो. पुढचं समिती ठरवते. आम्ही म्हणजे इंगळे सर, जे साहेब आहेत. शबाना आपा, ज्या लेकरांशी बोलतात. माझी मोठी बहीण रेखाताई, जी गावोगाव जाते. आणि मी, ड्रायव्हर. माझी शाळा नववीत सुटली. ताईनंच मला इथं चिकटवलं. "माहा भाऊ गाडी लय सांभाळून चालवते," असं तिनं सरांना सांगितलं. उभ्या नोकरीत ती तेवढं एकच खोटं बोलली!

'जाते' असं लिहिलं मी वर. जायची. ताई दिवाळीनंतर डेंग्यूनं गेली. हे एकदाच सांगून टाकतो, म्हणजे पुढं हसताना मध्ये अडखळायला नको.

लेकरांची नावं मी सांगणार नाही. तसा नियमच आहे. पण किस्से सांगतो, कारण हे किस्से आधीच एका लेकरानं फुकटात ऐकलेले आहेत.

पावसाळा संपता संपता ऑफिसच्या मोबाईलवर एक फोन यायला लागला. दुपारी, जेवणं झाली की. पलीकडून कोणी बोलायचं नाही. नुसता श्वास. नाक भरलेल्या लहान लेकराचा श्वास लगेच ओळखू येतो. एकदा मागून एका माणसाचं ओरडणं आलं, काहीतरी आपटलं आणि फोन कटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, तेव्हा तो श्वास हुंदक्यानं तुटत होता.

पोलिसांनी एवढंच शोधलं, की फोन वरूडच्या बाजूनं येतो. आता वरूडला संत्र्याचा हंगाम! बाहेरगावचे मजूर, जिकडं तिकडं ताडपत्र्यांच्या झोपड्या. त्यातलं लेकरू कोणतं? आम्ही दोनदा जीप घेऊन फिरलो. जीप दिसली की लोक लेकरं आत ओढायचे. आणि नंतर बरेच दिवस तो फोन यायचाच नाही. आम्ही गेलो म्हणून त्याला आणखी मार बसला असेल काय, या विचारानं ताई जेवायची नाही.

मग तिनं ठरवलं. "आता शोधाले जायचं नाही. उलटा फोन बी लावायचा नाही, कोनाच्या हाती पडन काय माहीत. ते लेकरूच सांगन, कुठं आहे थे."

"आन नाही बोललं तं?" मी विचारलं.

"तोवर आपन बोलू."

आणि ताई त्या मुक्या फोनला आमचे किस्से सांगायला लागली! 'तुझं नाव काय, तुला कोण मारतं' असलं काही विचारायची नाही. नुसते किस्से. आणि प्रत्येक किश्शात बावळट कोण? मी!

"अवं, मलेच काहून बावळट करतं तू?"

"तू आयता सापडतं ना!"

*

ताईनं पहिला सांगितला तो दोडक्याचा.

एका मुलाचा फोन आला. आवाज अगदी बारीक, पण भाषा टीव्हीवरची. "माही आई माह्यावर अत्याचार करून राह्यली!"

आमच्याकडं नियम असा, की फोन आला म्हणजे जाऊन पाहायचं. घरी बसून 'खोटं असेल' म्हणायचं नाही. गेलो. शहरातलंच घर, दारात तुळस, पायरीवर शाळेचे बूट. आईनं दार उघडलं. ताईनं सावकाश विचारलं, "घरात लेकराले काही त्रास आहे काय?"

"त्रास?" ती बाई म्हणाली. "आहे ना! हा पोट्टा मले देते!"

सर मात्र गंभीर. त्यांनी मुलाला बाजूला घेतलं, अंगावर वळ आहेत का पाहिलं, आपांनी वेगळं विचारलं. मुलानं दोन्ही हात कमरेवर ठेवून जबानी दिली, "सोमवारी दोडका. मंगळवारी दोडका. काल म्हने, आज वेगळी भाजी आहे. पाह्यलं तं दोडक्याचीच चटणी!"

आईनं कपाळावर हात मारला. मग म्हणाली, आलेच आहात तर जेवूनच जा. आम्ही नको म्हणत होतो, पण वरणाचा वास आला. ताटं आली. मी पहिला घास घेतला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, लेकराचं म्हननं बराबर आहे!"

ती बाई उठली, दोडक्याचं अख्खं पातेलं घेऊन आली आणि माझ्या पुढ्यात बसली. "आता सांगा भाऊ. कशी झाली?"

"गजब झाली काकू," मी म्हणालो. आणि तिच्या डोळ्यांकडं पाहत पातेलं संपवलं.

जाताना तो मुलगा माझ्या कानात म्हणाला, "आता तुमी बी तक्रार करा."

*

फोनवर तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवायचं असतं. लोक घाबरतात, गावात राहायचं असतं त्यांना. नांदगाव खंडेश्वरच्या बाजूच्या एका गावातून असाच फोन आला, की एक दारुडा बाप पोराला पट्ट्यानं मारतो. फोन करणाऱ्याला मी इथं प्रकाशभाऊ म्हणतो. त्यांची पिठाची गिरणी होती. ते म्हणाले, "घर दाखवतो, पन मले कोनी ओळखाले नाही पाह्यजे."

फाट्यावर उभे होते. डोक्याला दुपट्टा, तोंडाला दुपट्टा, वरून काळा गॉगल. जीपमध्ये मागं वाकून बसले. गावात शिरलो तर पानठेल्यावरचा माणूस ओरडला, "काय प्रकाशभाऊ, दात दुखून राह्यला काय?"

प्रकाशभाऊ आणखी वाकले. पुढं पारावरचा म्हातारा म्हणाला, "काहून बे प्रकाश, गिरनी बंद काहून आज?"

प्रकाशभाऊ जवळजवळ सीटखाली गेले. तेवढ्यात डोक्यावर दळणाचा डबा घेतलेली एक बाई जीपसमोरच उभी राहिली. "प्रकाशभाऊ, माहे गहू सकाळपासून तसेच पडले आहेत!"

मला राग आला. मी खिडकीतून डोकं काढून जोरात म्हणालो, "बाई, बाजूले व्हा! याइचं नाव गुप्त आहे!"

ताईनं कपाळ धरलं. आपा म्हणाल्या, "अरे गजू, लाउडस्पीकर पे बोल देता!"

पण पोरगं आम्हाला सापडलं. गोठ्यात, वैरणीच्या मागं लपलेलं. पाठीवर पट्ट्याचे वळच वळ. ताईनं त्याला उचलून जीपमध्ये बसवलं. आणि मग बाप चौकात येऊन नाचायला लागला. "कोनं सांगतलं? नाव सांगा त्याचं! आज त्याले सोडत नाही!"

चौकात सगळं गाव. पानठेल्यावाला चुना मळत राहिला. पारावरचा म्हातारा म्हणाला, "आज तं गावात परकं मानूस आलंच नाही बॉ."

दळणवाली बाई म्हणाली, "मी तं कोनाले पाह्यलं नाही. माहे गहूच तसेच पडले आहेत."

आणि गिरणीच्या दारातून, केसापासून पायापर्यंत पीठ लागलेले प्रकाशभाऊ बाहेर आले. हात झटकत म्हणाले, "हाव ना! कोन असन बॉ?"

*

तिसरा वरूडचाच, आधीच्या हंगामातला. एका ट्रकवाल्यानं फोन केला, की संत्र्याच्या गाडीत एक पोरगं सापडलं आहे, घरून पळालेलं दिसतं. आम्ही मंडीत गेलो. पोरगं खोक्यावर बसून संत्री खात होतं. पुढं सालींचा हा ढीग!

सरांनी नाव विचारलं. त्यानं एका मोठ्या क्रिकेटपटूचं नाव सांगितलं. गाव? मुंबई. वडील काय करतात? विमान चालवतात! आपांनी गोड बोलून पाहिलं, तर आणखी एक संत्रं सोललं त्यानं. "आपा, तुमाले पाह्यजे काय?"

मी जीपच्या टपावर चढून दोरी बांधत होतो. ताई उठली, खोक्यांच्या थप्पीमागं गेली आणि तिकडून एवढ्या जोरात ओरडली, की मंडीतले हमाल थांबले, "अऽऽरे मुडद्या! कुठं उंडारून राह्यला बे! घरी ये, तंगडंच तोडतो तुह्यं!"

"आलो ना माय!" पोरगं ताडकन उभं राहिलं.

आणि त्याच क्षणी टपावरून मी धपकन खाली उडी मारली, "आलो ना ताई!"

आम्ही दोघं एकमेकांकडं पाहत राहिलो. आमची आई मी लहान असतानाच गेली. मला हाक मारणारा तो एकच आवाज होता.

पोरगं मग रडलं, खरं नाव सांगितलं, गाव सांगितलं. मुंबई नाही, वरूडच्या जवळच होतं. परीक्षेच्या भीतीनं पळालं होतं. घरी नेलं तेव्हा त्याची आई दारातून ओरडली, तर अगदी तेच शब्द! 'तंगडं' सुद्धा! मग तिनं त्याला जवळ घेतलं ते सोडेचना.

हा किस्सा ताईनं फोनवर सांगितला, तेव्हा पलीकडून नाकातून फुस्स असा आवाज आला. ताईनं फोनवर हात ठेवला आणि आमच्याकडं पाहून ओठांनीच म्हणाली, "हसलं!"

*

नवरदेवाचा किस्सा तर अजून त्या भागात सांगतात.

अकोला रोडवरच्या एका गावातून दबक्या आवाजात फोन आला. "पोरगी सोळाची आहे. हळद लागली आहे. लवकर या."

"तुमी कोन बोलता?" ताईनं विचारलं.

"थे सोडा ताई, बँडवाले आले!" आणि फोन बंद.

ग्रामसेवक, पोलीस आणि आम्ही मांडवात पोहोचलो, तर एकच गोंधळ. मुलीचा बाप म्हणतो, वय बरोबर आहे. नवरदेवाचा बाप म्हणतो, आमची इज्जत गेली. सर समजावून सांगत होते, पण बँडपुढं कोणाला ऐकू जातंय? मला राहवलं नाही. मी स्टेजवर चढलो, माईक हिसकला आणि म्हणालो, "हॅलो, हॅलो! लग्न कॅन्सल आहे! समद्याइनं जेवून घ्याव!"

बापांनी माझ्याकडं धाव घेतली. तेवढ्यात घोड्यावरचा नवरदेव टुणकन खाली उतरला, मुंडावळ्या सावरत थेट आमच्या जीपमध्ये मागं जाऊन बसला आणि आतून दार लावून घेतलं.

"अबे, तू कुठं चालला?" त्याचा बाप ओरडला.

"मीच फोन केला होता बाबा!" तो काचेतून म्हणाला. "तिले दहावी करायची आहे. मले काल माहीत झालं!"

मुलीचा आजोबा मांडवाच्या कोपऱ्यात बसला होता. तो उठला आणि म्हणाला, "लग्न थांबलं. वांग्याची भाजी थांबते काय? बसा पंगतीले!" सगळे बसले. नवरीनं तर जिलेबी परत परत मागून घेतली.

नवरदेवाचा बाप काही शांत होईना, म्हणून जबाबासाठी नवरदेवाला आम्हीच सोबत घेतलं. वाटेत फाट्यावर चहाला थांबलो. चहावाल्यानं वाकून आत पाहिलं. मुंडावळ्या बांधलेला नवरदेव, बाजूला आपा, पुढं ताई, स्टिअरिंगवर मी.

"राम राम! नवरी कुठं आहे?"

सर चहा फुंकत म्हणाले, "नवरी दहावीत आहे."

*

आता अकोटचा. हा ताईचा सगळ्यात आवडता, आणि माझा सगळ्यात नावडता.

अकोल्याच्या टीमची गाडी बंद पडली होती, म्हणून आम्ही गेलो. निरोप असा, की जिनिंग कारखान्यात कापसाच्या ढिगावर कोणीतरी तान्हं लेकरू टाकून गेलं. मी जीप अशी पळवली, की ताई समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसली होती. "गज्या, लेकरू पाहाले जाऊन राह्यलो, लेकरू होऊन नाही!"

गेटात जीप थांबते न थांबते, तोच मी उडी मारली. आत पाहतो तर खरंच! पांढऱ्याशुभ्र कापसात गळ्यापर्यंत रुतलेलं एक गुबगुबीत लेकरू, एकटंच. मी काही विचारलं नाही, पाहिलं नाही, लेकरू उचललं आणि पळत सुटलो.

मागून आरोळी आली, "पकडा! पोट्टं चोरलं माह्यं!"

ढिगामागून एक म्हातारी निघाली. लुगडं खोचलेलं, हातात काठी. ती त्या लेकराची आजी! सून मशीनवर होती आणि म्हातारी तिथंच सावलीत राखण करत बसली होती. मी ढिगाभोवती पुढं, म्हातारी मागं. लेकरू माझ्या खांद्यावर खदखदून हसतंय. दुसऱ्या फेरीत म्हातारीनं मला गाठलं आणि उजव्या कोपरावर अशी काठी हाणली, की माझ्या डोळ्यांपुढं दिवसा चांदण्या! पण लेकरू सोडलं नाही मी. तेवढं खरं.

बायका जमल्या. मला कापसाच्या गाठींच्या मध्ये कोंडलं. म्हातारीनं एका पोरीला सांगितलं, "त्या गाडीवर नंबर लिवला आहे पाह्य लेकराइच्या मदतीचा, थो लावून दे मले!" आमच्या जीपच्या दारावर ऑफिसचा मोबाईल नंबर हा एवढा मोठा रंगवलेला आहे. पोरीनं लावून दिला.

"हॅलो! इथं एक लंबा चोट्टा आमचं पोट्टं घेऊन पळून राह्यला! लवकर या!"

ताई तिच्या मागंच उभी होती. फोन कानाला लावून म्हणाली, "आलो आजी. मागं पाह्य."

कापसाची धूळ लेकराच्या छातीला चांगली नाही. ताई जिनिंगच्या मालकाजवळ बसून राहिली, बसूनच राहिली, शेवटी त्यानं एक खोली रिकामी करून पाळणा टांगून दिला तेव्हाच उठली. म्हातारीनं माझ्या कोपराला हळद लावली. म्हणाली, "पुढच्या वक्ती इचारून उचलजो."

हा किस्सा ताई फोनवर आवाज काढून सांगायची. म्हातारीचा वेगळा, माझा वेगळा. माझा आवाज तर म्हशीसारखा काढायची! मी मागून ओरडायचो, "खोटं आहे थे! मी पळालो नव्हतो!" आणि पलीकडून ते लेकरू पहिल्यांदा मोकळं हसलं. पण बोललं नाही.

मी ताईला म्हणालो, "आता तरी एकदा मले हिरो कर ना."

"नाही," ताई म्हणाली. "तू असाच ठीक आहे."

*

दवाखान्यात सलाईन लावलेली असताना तिनं दुपारी डोळे उघडले. "फोन कोन घेऊन राह्यलं?"

"आपा."

"आपाले म्हना, सवाल नका करू. किस्से सांगा." मग माझ्याकडं पाहिलं. "तू सांग."

"मले नाही येत."

"तुले काय येत नाही? तुह्यावरच तं आहेत समदे."

नर्सनं सांगितलं, पेशंटला बोलू देऊ नका. ताई तिला म्हणाली, "सिस्टर, हा माहा भाऊ. याले एका म्हातारीनं हाणलं होतं." सिस्टर हसली. तो तिचा शेवटचा किस्सा. पुढचं मी लिहीत नाही.

ताईच्या पुण्यानुमोदनाचे पाहुणे गेले आणि मी कामावर आलो. जीपमध्ये पुढच्या, ताईच्या सीटवर मी माझा डबा आणि पाण्याची कॅन ठेवून दिली. कोणी तिथं बसू नये म्हणून. आपांनी पाहिलं आणि गुपचूप मागं जाऊन बसल्या. सरही मागंच बसले.

मुका फोन येत होता. आपा बोलायच्या. पण आपांचे किस्से वेगळे पडायचे, फोन लवकर कटायचा. मग तो दोन दिवसांआड यायला लागला. मग चार. संत्र्याचा हंगाम संपत आला होता. मजूर पालं उचलून निघाले, की ते लेकरू कुठं जाईल, याचा पत्ता कोणालाच लागणार नव्हता. आपा म्हणायच्या, "गजू, तू बात कर." मी गाडी धुवायला निघून जायचो.

*

त्या दुपारी सर समितीकडं गेले होते. आपांनी नुकतीच नमाजाची चादर अंथरली होती. फोन वाजला. आपांनी मला डोळ्यांनीच खुणावलं.

मी उचलला. "हॅलो."

पलीकडचा श्वास एकदम थांबला. माणसाचा आवाज ऐकून घाबरलं ते. आता कटणार, हे मला समजलं. मी घाईघाईत सुरूच केलं. अकोटचाच आठवला. आणि म्हटलं आज ताई नाही अडवायला, आज मी हिरो होतो!

"तं काय झालं, अकोटच्या जिनिंगमध्ये म्या वाघासारखी उडी मारली! लेकरू उचललं! एक म्हातारी काठी घेऊन आली, पन म्या तिची काठी अशी हिसकली, अशी हिसकली, का म्हातारी पाहातच..."

"खोटं!"

मी दोन्ही हातांनी फोन धरला.

एका मुलीचा आवाज होता. बारीक, पण रागावलेला. "म्हातारीनं तुले हाणलं होतं. कोपरावर. ताईनं सांगतलं."

"हाव," मी म्हणालो. "हाणलं होतं."

"मंग खोटं काहून सांगतं?"

मी आपांकडं पाहिलं. आपा चादरीवर तशाच बसून राहिल्या होत्या.

"ताई कुठं आहे?"

लेकराशी खोटं बोलायचं नाही, हा आमच्या ऑफिसचा पहिला नियम. "ताई वारली बेटा," मी म्हणालो. "ताप आला होता तिले."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. इकडून माझा. थोडा वेळ आम्ही दोघं तेवढंच करत होतो.

मग तिनं विचारलं, "गाडी कोन आनन? तूच काय?"

"मीच. संग आपा येईन, सर येईन, एक पोलीसताई येईन. पन गाडी माह्याच हाती."

"काका लय मारते. मले मानसाइचं भेव लागते."

मी फोन कानाला आणखी घट्ट लावला.

"तुह्यं नाही लागत," ती म्हणाली. "तुले तं म्हातारी हाणते."

आणि तिनं सांगितलं. मंडीच्या मागं, पाण्याच्या टाकीजवळ, निळी ताडपत्री. आधीच्या हंगामात आमची जीप मंडीत आली होती, तेव्हा तिथूनच तिनं दारावरचा नंबर वाचून पाठ केला होता.

दिवस मावळायच्या आत आम्ही तिथं होतो. पोलिसांनी काकाला बाजूला घेतलं. आपा हात पसरून पुढं झाल्या, पोलीसताई वाकल्या, सर गोड हसले. ती खोक्यांमागून निघाली, तिघांना ओलांडून सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. एवढीशी. हातावर काळेनिळे वळ.

"कोनता कोपर?"

मी बाही वर केली. तिनं जवळून पाहिलं. बोटानं दाबून पाहिलं.

"इथं तं काहीच नाही!"

"बरं झालं ना आता."

तिनं स्वतःचा हात माझ्या हाताजवळ आणून पाहिला. मग जीपचं पुढचं दार उघडलं, वर चढली, पाण्याची कॅन खाली ठेवली, डबा मांडीवर घेतला आणि ताईच्या सीटवर नीट मांडी घालून बसली. समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरला.

"हळू चालवजो," ती म्हणाली. "ताई म्हने, तू गाडी लय पळवतं."

मागं आपा खिडकीबाहेर पाहत होत्या. सर चष्मा पुसत होते.

वरूडपासून अमरावतीपर्यंत त्या दिवशी आम्हाला ट्रॅक्टरांनी ओव्हरटेक केलं!